जिला अरुंधती दिसेल तीच

१२ नोव्हेंबर २०००, रविवार. दुपारी, जेवणं झाल्यावर.

तुळशीचं लग्न काल लागलं. आता माणसांची लागतील. यंदा अपूर्वचं करायचंच, असं मी सकाळी देवापुढे ठरवलं आणि नंतर व्यंकटला सांगितलं. व्यंकट म्हणजे माझा लेक, अपूर्वचा बाप. म्हणे, आई, तू म्हणशील तसं. जन्मल्यापासून तो हेच म्हणून राहिलाय, त्यामुळे त्याला विचारून काही कळत नाही.

ही डायरी १९९८ ची. व्यंकट रिटायर झाला तेव्हा कचेरीतून चार आणल्या, कोऱ्याच्या कोऱ्या. छापलेली तारीख खोडायची, आपली घालायची. मी शाळा शिकले दुसरीपर्यंत, निजामाच्या राज्यात, पण अक्षर वळणदार. हल्ली जरा मोठं काढते. मोठं काढलं की मोकळं वाटतं. एका पानावर पाचच ओळी बसतात. कागद आखूड करून राहिले हे डायरीवाले.

तर ठराव असा. नातसून मी निवडणार. कालिंदीला त्यात घ्यायचं नाही.

कालिंदी माझी सून. तिला बघायला आमी परभणीला गेलतो तेव्हा ती चष्मा काढून बसलती. पोहे आणले, पाया पडली, उंबराही बराबर ओलांडला. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पेटीतून चष्मा निघाला, बाटलीच्या बुडासारखा. मी म्हणले, हे काय. ती म्हणे, तुमी विचारलंच नाही. अठ्ठावीस वर्षं झाली. मी कोणाला बोलून दाखवलं नाही. कालिंदीला सोडून.

आता अपूर्वलाही तसाच. लेकरू गुणाचं, हिंगोली जिल्हा झाला आणि नव्या कचेरीत पहिल्या झटक्यात लागलं, पण रात्री चष्मा काढला की भिंत चाचपत मोरीत जातं. त्यात बायकोही तशीच आली तर पाळण्यातलं पोरगं चष्मा मागत उठेल.

आता पोरी जास्त हुशार झाल्या. चष्मा लपवतील, आणखी काय काय लपवतील. पण माझ्याकडे टेस्ट आहे. कोणाला सुचली नाही ती मला सुचली, याचं सकाळपासून हसू येऊन राहिलंय. अरुंधती. सप्तर्षीतला शेवटून दुसरा तो वसिष्ठ, त्याच्या अंगाला लागून एवढीशी अरुंधती. लग्नात नवरा-नवरीला दाखवतात ती. आजकाल लग्न लागतं दुपारी साडेबाराला, भटजी मंगल कार्यालयाच्या पंख्याकडे बोट करतात आणि दोघं हो म्हणतात. माझ्या लग्नात, औंढ्याला, वैशाखात, बराबर आभाळाखाली दाखवलती. मी बारा वर्षांची. भटजींचं बोट वर जायच्या आधी मी म्हणले, ती काय तिथं. सासरे म्हणले, पोरीची नजर घारीची आहे. तीच नजर अजून आहे.

जिला अरुंधती दिसेल तीच. चष्मा लपवशील बाई, अरुंधती कुठून आणशील.

१४ नोव्हेंबर, मंगळवार. रात्री आठ.

टेस्टची तालीम केली. वर स्लॅबवर गेले. आभाळ स्वच्छ. मान वर केली आणि दिसली. एकदम ठळक. आमच्या वेळेपेक्षा मोठी झालीय.

कालिंदी वाळत घातलेली धुणी काढायला आलती. म्हणे, आई, काय बघून राहिल्यात. मी म्हणले, उत्तरेला बघतेय. म्हणे, उत्तर ह्या अंगाला. तुमी एस्टी डेपोकडे बघताय, आणि तो डेपोचा दिवा आहे. मी म्हणले, मला माहीत आहे, मान मोकळी करून राहिले. मग तिच्यादेखत उत्तरेला वळून तिथंही बघितली. तिथंही होती.

उतरताना एक पायरी जास्त निघाली. गवंड्यांनी कामं नीट केली नाहीत. पूर्वेचा कठडा तर व्यंकट पाच वर्षांपासून बांधतोच आहे.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार.

सकाळचा चहा खारट झाला. कालिंदीने साखरेचा आणि मिठाचा डबा सारखाच ठेवलाय. कोणी केला हे सगळ्यांना माहीत असून तिने चहा गपचूप ओतून दिला आणि दुसरा ठेवला. अशी ती आतल्या गाठीची.

व्यंकट म्हणे, आई, डोळे दाखवून येऊ. हिंगोलीतच शिबिर लागून राहिलंय. मी म्हणले, आधी लग्न. नातवाच्या लग्नात कोणी डोळ्याला हिरवी पट्टी बांधून बसतं का. आणि दाखवायचं तरी काय. सुईत दोरा जात नाही म्हणे. सुया बघितल्या का हल्लीच्या. भोकंच नसतात.

१९ नोव्हेंबर, रविवार. रात्री.

वसमतची मुलगी बघितली. जीप केलती. चारला पोहोचलो. पोहे खाल्ले, चहा झाला, व्यंकटने मुलीला स्वयंपाक येतो का विचारलं, येतो म्हणाली, साडेचारला सगळं आटपलं. आता अरुंधती निघायला सात तरी वाजायचे. मी हलेना. मुलीच्या बापाने परत चहा सांगितला. मग शेतातल्या बोरीबद्दल बोलला.  सहाला परत पोहे आले, ते सकाळचे होते.

सात वाजता अंगणात आणून उभी केली. म्हणले, पोरी, अरुंधती दाखव. वर बघून बघून तिची मान अवघडली. म्हणे, आजी, मला तर काहीच दिसून नाही राहिलं. फेल.

जीपमध्ये व्यंकट म्हणे, आई, ढग होते. मी म्हणले, ढग काय तिच्या एकटीसाठी आलते? मला कशी दिसली? तो म्हणे, तू म्हणशील तसं.

२६ नोव्हेंबर, रविवार. रात्री. जेवले नाही.

आज शिरड शहापूर. मुलीचं नाव पूर्णा. बीएस्सी, तिथल्याच शाळेत सायन्स शिकवते. स्थळ चतुराबाईंनी आणलेलं. चतुराबाई आमच्या कुरुंद्याच्या नात्यातल्या, त्यांच्या पिशवीत सगळ्या जिल्ह्याचे बायोडाटे असतात.

सुरुवात चांगली झाली. पोरीला मी हात धरून जवळ घेतलं, नाकावर चष्म्याचा वळ आहे का बघायला. इतकी जवळ घेतली की तिच्या कुंकवाचा वास आला. वळ नव्हता. अपूर्वने विचारलं, शाळेत पोरं काय विचारतात. ती म्हणे, आठवीतली पोरं विचारतात, सर मारतात तसं तुमी काहून मारत नाही. अपूर्व हसला. हे पोरगं नोकरी लागली तेव्हासुद्धा हसलं नव्हतं. कालिंदीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

सातला अंगणात नेलं. म्हणले, अरुंधती दाखव.

तिने वर बघितलंच नाही. म्हणे, आजी, या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी नसतात. खाली गेलेत. मध्यरात्र उलटली की उगवतील. आत्ता उत्तरेला शर्मिष्ठा आहे, ती बघा, इंग्रजी एम सारखी.

मी म्हणले, पोरी, ऋषी आहेत ते. रात्रपाळीचे कामगार नाहीत.

तिची आई तिला चिमटा काढून राहिली. बाप म्हणे, पूर्णे, हो म्हण की, आजी मोठ्या आहेत. ती म्हणे, बाबा, मोठ्या आहेत म्हणून तर खरं सांगतेय. जे वर नाहीच ते दिसलं म्हणून कसं सांगू. मग मला म्हणे, आजी, तुमाला दिसतेय का?

सगळे माझ्याकडे बघू लागले असतील. मी म्हणले, मला दिसून राहिली. लख्ख.

मग ती माझ्या अगदी समोर आली.  आणि हळूच, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणे, आजी, नांदेडला डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत. माझ्या आईचं तिथंच केलं. मी येईन तुमच्यासोबत.

अजून लग्न नाही, साखरपुडा नाही, आणि मला दवाखान्यात घालायला निघाली. फेल. फेलच्याही खाली काही असेल तर ते.



२७ नोव्हेंबर, सोमवार.

कालिंदीला पूर्णा पसंत आहे. म्हणजे माझं बराबर होतं.

३० नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी.

अपूर्व दोन दिवस पोळी अर्धी टाकून उठतो. आज माझ्याजवळ येऊन बसला. म्हणे, आजी, मला ती मुलगी आवडली. मी म्हणले, बाळा, आवडायला काय, पण खोटारडी आहे. म्हणे, ती एकटीच खरं बोलली. म्हणे, तू अरुंधती कायम लग्नसराईत बघितलीस, चैत्र-वैशाखात. तेव्हा संध्याकाळी ते वर असतात. कार्तिकात संध्याकाळी उत्तरेला कधी बघितलं होतंस का?

मी म्हणले, वैशाखात असतात हे तरी कबूल ना? मग वैशाखात असलेले कार्तिकात कुठं जातील? औंढ्याचं देऊळ कार्तिकात हलतं का? उठून गेला. पोरगं शिकलेलं आहे पण मुद्द्याला टिकत नाही.

चतुराबाईंकडून निरोप आला. पूर्णाच्या बापाला अपूर्व पसंत आहे. म्हणे, आजींचा राग जाईपर्यंत थांबतो, संक्रांतीपर्यंत. मी म्हणले, थांबा. खुशाल थांबा.

३ डिसेंबर, रविवार. सकाळी.

पहाटे साडेचारला अपूर्वने मला उठवलं. शाल गुंडाळली, हाताला धरून स्लॅबवर नेलं. थंडी अशी की दात वाजत होते. म्हणे, आजी, ते बघ, पाण्याच्या टाकीच्या वर, सात. आणि शेपटीतल्या मधल्याजवळ बारकी ती अरुंधती. बघ, आत्ता आलेत.

मी बघितलं.

धुकं फार होतं. अपूर्व म्हणे, धुकं कुठंय आजी, आभाळ धुतल्यासारखं आहे. पण त्याला काय कळतं, तो चष्म्यातून बघतो. मला धुकं बराबर दिसत होतं. हल्ली ते दुपारीही असतं.

आमचे हे गेले त्या उन्हाळ्यात वर बाजेवर पडल्या पडल्या म्हणायचे, अगं, हल्ली अरुंधती दिसत नाही. भाद्रपदात गेले. दिसेनाशी झाली की माणसाचे सहा महिने राहिले, असं सासूबाई सांगायच्या. म्हणून अपूर्वने विचारायच्या आधी मी म्हणले, दिसली.

तो म्हणे, कुठल्या बाजूला आहे वसिष्ठाच्या? मी म्हणले, बायको कुठं असते, डाव्या बाजूला.  मग जिन्यात तो प्रत्येक पायरी मोजून सांगत होता. मला राग आला, पण पोरगं लाडकं आहे.

खाली आल्यावर विचार केला. पहाटे साडेचारला वर असतात, हे आता त्याच्याच तोंडून सिद्ध झालं. मग संध्याकाळी सातलाही असणार. ज्यांना वर जागा आहे ते खाली काहून जातील. मी जिंकले.

१७ डिसेंबर, रविवार. रात्री. पेढे आणले.

सापडली.

मिना. परभणीची. बापाचं कापडाचं दुकान. बोलायला मऊ. पाया पडली ती पडूनच राहिली, मी उठ म्हणेपर्यंत. सातला गच्चीवर गेलो. मी म्हणले, अरुंधती. ती लगेच म्हणे, हो आजी, दिसली की. किती सुंदर. वसिष्ठांच्या शेजारी कशी चिकटून बसलीय. आणि हात जोडले.

मी म्हणले, नक्की? ती म्हणे, तुमी दाखवली म्हणून दिसली आजी, नाहीतर आमाला कोण दाखवतंय.

माझे डोळे भरून आले. असं लेकरू. तिथल्या तिथं पसंत सांगितली. पुढच्या आठवड्यात पौष लागतो, म्हणून त्यांनी घर बघायला माघात यायचं, मग साखरपुडा.

येताना अपूर्वला विचारलं, तुला कशी वाटली. तो खिडकीबाहेर बघत म्हणे, आजी, तुला दिसली ना, मग झालं.

म्हणजे त्यालाही पसंत आहे.

१५ जानेवारी २००१, सोमवार.

काल संक्रांत झाली. पूर्णाच्या बापाचा माणूस येऊन गेला म्हणे, मी झोपलते. व्यंकटने काय सांगितलं विचारलं तर म्हणे, तू म्हणशील तसं, असं सांगितलं. अपूर्व तिळगूळ न घेता कचेरीत गेला. दात दुखत असेल.

२१ जानेवारी, रविवार.

पुढच्या रविवारी मिनाकडचे येणार. माझे ठराव:

कालिंदीने त्या दिवशी चष्मा लावायचा नाही. (ती म्हणे, मग चहा पाहुण्यांच्या मांडीवर जाईल. मी म्हणले, मी देते चहा.)

घर मी दाखवणार. शेवटी सगळ्यांना वर नेऊन अरुंधती मी दाखवणार. म्हणजे त्यांनाही कळेल की या घरात नजर आहे.

व्यंकट म्हणे, आई, तू बसून राहा ना एका जागी. काहून? मी काय पाहुणी आहे?

२८ जानेवारी, रविवार. रात्री. फार दमले पण फार छान झालं.

मिनाकडचे आठ जण आले. मी दारातच उभी. पहिल्यांदा आत आले त्यांना म्हणले, व्यंकट, अरे कुठं गेलतास, पाहुणे येतील आता. तो मिनाचा बाप निघाला. कोट व्यंकटसारखाच घातलता त्याने. सगळे हसले. माणसं हसरी आहेत.

चहा मी दिला. मिनाच्या काकूच्या कपात जरा जास्त पडला, बशीत, मग साडीवर. भाजलं नाही म्हणाल्या. कालिंदी ओला फडका घेऊन आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. चष्मा लावूनच आली.

मिनाची आई म्हणे, आजींचं वय काय असेल. कालिंदी म्हणे, अठ्ठ्याहत्तर. म्हणे, त्यांचं सगळं कोण करतं. कालिंदी म्हणे, त्यांचं त्याच करतात, आणि आमचंही करतात. हे मात्र ती खरं बोलली.

मग साडेआठला सगळ्यांना वर नेलं. व्यंकट नको नको म्हणत होता. मी सगळ्यांच्या पुढे. बोट वर करून म्हणले, ती बघा. मिना म्हणे, हो आजी. मिनाची आई म्हणे, हो का. मिनाचा बाप एकदम धावत आला आणि त्याने माझे दोन्ही खांदे धरले. घट्ट. मी म्हणले, अहो, नमस्कार खाली गेल्यावर करा. तो म्हणे, आजी, मागं या. आणखी मागं. पुढं कठडा नाही.

एवढा जीव लावणारा माणूस. मिना कोणाची लेक आहे ते कळलं.

मग लगेच निघाले. रात्र झालती, परभणी लांब.

१ फेब्रुवारी, गुरुवार.

निरोप नाही. मोठ्या घरचे लोक घाई करत नाहीत. साखरपुड्याला मी मोरपंखी नेसणार. पेटीतून काढून ठेवली. कालिंदी म्हणे, आई, ही जांभळी आहे. तिच्या चष्म्याचा नंबर वाढलाय.

४ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.

चतुराबाई आल्या. कुरुंद्याहून एस्टीने, उन्हाच्या. म्हणजे निरोप मोठा. मी म्हणले, आधी साखर घ्या तोंडात. त्या म्हणाल्या, रुख्मिणीबाई, बसा आधी.

मिनाकडच्यांनी नाही सांगितलं.

मी म्हणले, असं कसं. मुलगा पसंत नाही? म्हणाल्या, मुलगा पसंत आहे. नोकरी? पसंत. घर? घरही चांगलं आहे म्हणाले. मग? चतुराबाई पदराशी खेळत बसल्या. मी म्हणले, सांगा, मी काय लेकरू आहे. मग त्या म्हणाल्या, त्यांचं म्हणणं, घरात आंधळं माणूस आहे. आमची पोर हात धरून मोरीत नेण्यात जाईल.

मी म्हणले, कोण आंधळं?

कोणी बोललं नाही. घड्याळ चालल्याचं ऐकू येत होतं. मी म्हणले, अपूर्वच्या चष्म्याबद्दल म्हणतात का? मी म्हणले, कालिंदीबद्दल असेल. मी तेव्हाच सांगितलं होतं, लावू नको म्हणून.

व्यंकट म्हणेल, तू म्हणशील तसं, म्हणून मी वाट बघितली. तेही तो म्हणाला नाही.

मग कालिंदी उठली. चतुराबाईंना म्हणे, त्यांना सांगा, आमच्या घरात कोणी आंधळं नाही. आणि असतं तरी त्याचा हात धरायला मी आहे, त्यांच्या पोरीची गरज नाही. असं म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासू लागली. घासलेलीच होती.

स्वतःवर आलं म्हणून एवढी चिडली.

चतुराबाई जाताना व्यंकटला म्हणाल्या, आजींच्या टेस्टचं नाव जिल्हाभर झालंय. आता स्थळं जरा बिचकतील.

६ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी, दारात बसून.

दोन रात्री झोप नाही. अपूर्व बदली मागून राहिलाय, लातूरला की कुठं. मला कोणी सांगितलं नाही, भिंतीतून ऐकलं.

खूप विचार केला आणि मन मोठं केलं. पूर्णाला मी माफ केलं. पोरगी तोंडाची फटकळ आहे पण वळ नव्हता नाकावर. हसवतेही त्याला. तिच्या बापाला मीच कार्ड लिहिलं. कार्डावर चारच ओळी बसल्या: मुलगी पसंत आहे. तिचं बोलणं मी मनावर घेतलं नाही. ऋषींचं नंतर बघू. मुहूर्त काढा.

कालिंदीने कार्ड बघितलं. म्हणे, आई, पत्ता मजकुरावरच आलाय. दुसरं कार्ड घेऊन तिने सगळं परत लिहिलं, माझे शब्द जसेच्या तसे. मग पेन टेकवून म्हणे, पण संक्रांत होऊन तीन आठवडे झाले. मी म्हणले, चांगली माणसं चार दिवस जास्त थांबतात.

ती म्हणे, टाकू का नक्की? मी म्हणले, टाक.

अपूर्वला सांगितलं नाही. एकदम सांगू. तोंड बघण्यासारखं होईल.

१३ फेब्रुवारी, मंगळवार.

उत्तर नाही. पोस्टाचा कारभार.

नांदेडच्या त्या डॉक्टरचं नाव विचारून घ्यायचं पूर्णाला. मला नको, पण नातसूनच आग्रह करत असेल तर एकदा जाऊन येईन. तिला बरं वाटेल.

१८ फेब्रुवारी, रविवार.

अपूर्वने ट्रंक पुसली. त्यात अजून काही भरलेलं नाही. मी हात घालून बघितलं.

२२ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी.

सकाळी पोस्टमन हाक मारून म्हणे, आजी, शिरड शहापूरचं पाकीट. जाड होतं. चारही कोपऱ्यांवर हळद-कुंकू, बोटाला लागलं, वास आला. आमच्या भागातली हळद, वास चुकायचा नाही. नकाराला कोणी हळद लावून पाठवत नाही. देवापुढे ठेवलं. साखर ठेवली. कार्ड चांगलं उतरलं होतं तर.

उघडलं नाही. अपूर्व जेवायला घरी येतो, त्याच्याच हाताने उघडायचं.

तो आला. कालिंदीने पाकीट बघितलं आणि म्हणे, आई, द्या इकडं. आधी जेवू द्या त्याला. तिने ओढलं, मी सोडलं नाही. मी म्हणले, आनंदाची बातमी उपाशीपोटीच ऐकावी. अपूर्वला म्हणले, घे, वाच मोठ्याने. इथं उजेड कमी आहे.

आमी दारात होतो. बारा वाजून गेलते. त्याने दाराकडे बघितलं असेल, कारण जरा वेळ गेला. मग कागद फाटल्याचा आवाज आला.

तो वाचू लागला. कचेरीत नोटीस वाचतात तशा आवाजात. आधी देवाचं नाव. मग चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी पूर्णा. मी म्हणले, पुढं वाच, पुढं तुझं नाव असेल. पुढं नांदेडच्या कोण्या प्राध्यापकाचं नाव होतं. मी म्हणले, परत वाच. त्याने परत वाचलं, तसंच, शब्द न खाता. तिथी वाचली. वार वाचला. कार्यालयाचा पत्ता वाचला. आई-बापांची नावं, काकांची, मामांची, शेवटी ताईच्या लग्नाला यायचं हं म्हणणाऱ्या लहान लेकरांची. एकही नाव सोडलं नाही. मी म्हणले, पुरे. तो वाचतच होता.

मग थांबला.

मी म्हणले, झालं? तो म्हणे, खाली एक ओळ आहे, बारीक अक्षरात. मी म्हणले, वाच.

त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसल्याचं ऐकू आलं. परत घातला असावा.

आहेर आणू नये, असं होतं.